बापूंचं वेबिल

बापू एसटीतून रिटायर झाले ते फक्त कागदोपत्री. नंदुरबार आगाराच्या गाड्यांवर कंडक्टरकी करण्यात त्यांची हयात गेली. आजही कुणाच्या घरी गेले की ते आधी माणसं मोजतात. लग्नाच्या पंगतीत वाट अडवून बसलेल्याला ‘चला, पुढे सरका’ म्हणतात. बोलणारा रेंगाळला की हात वर करून हवेतली दोरी दोनदा ओढतात. खाकी गेली, चामडी बॅग गेली. पण कुठलीही गोष्ट कुठून सुटली, कुठे पोचायची आहे आणि मधे विनाकारण किती वेळ उभी राहिली, याचा हिशेब ठेवायची खोड काही गेली नाही.

अशा माणसाने खरं तर कादंबऱ्यांच्या नादी लागू नये. पण बापू लागले, आणि तेही अगदी शाळकरी वयात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने त्यांना वाढवलं. बापूंच्या मते चांगल्या पुस्तकात पहिल्या पानावर मुडदा पडला पाहिजे, दुसऱ्या पानावर दिवे गेले पाहिजेत आणि मुक्कामी गाडीच्या मागच्या बाकावर झोप लागायच्या आत खुनी सापडला पाहिजे. पुढे त्यांनी गो. ना. दातारांची ‘कालिकामूर्ती’ वाचली, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ वाचला. भुयारं, गुप्त दरवाजे, कपटी सरदार यांची त्यांना उपजतच ओढ. म्हणजे अद्भुताचं वावडं नव्हतं. अद्भुताने फक्त वेळेवर सुटावं, एवढंच म्हणणं होतं.

दुसरी खोड अशी, की बापूंचा गाजावाजावर फार विश्वास. एखाद्या गोष्टीचा गवगवा झाला की ती पाहिल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही, आणि पाहिली की घास कडू होतो. 1994 साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ लागायची तेव्हा रविवारची ड्युटी टाळण्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते आगारात अजून सांगतात. शेवटी त्यांचं मत पडलं, की क्रूरसिंहाच्या ‘यक्कू’ला वगळलं तर बाकी सगळे नुसते एकमेकांकडे बघतात. 2015 च्या जुलैत ‘बाहुबली’ आला. कट्टप्पाने त्याला का मारलं, या प्रश्नावर बापूंनी 2017 च्या एप्रिलपर्यंत कळ काढली. उत्तर मिळाल्यावर थिएटरबाहेर येऊन म्हणाले, “राजमातेने सांगितलं म्हणून? एवढ्यासाठी मी दोन वर्षं थांबलो?” अपेक्षा हत्तीएवढी ठेवायची आणि ती मोडली की चारचौघांत तिचं सुतक पाळायचं, हे बापूंचं व्रतच आहे. गावात कुणाला नवं काही बघायचं-वाचायचं असलं की तो आधी बापूंकडे चौकशी करतो. बापू जितके जास्त चिडलेले, तितकी ती गोष्ट बघण्यासारखी, असा आमच्या धानोऱ्याचा अनुभव आहे.

संथपणाचंच त्यांना वावडं आहे असं मात्र समजू नका. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 मध्ये आली, तेव्हा सांगवीचा म्हणजे आपल्या खानदेशचाच माणूस म्हणून बापूंनी ती घेतली आणि मुकाट्याने वाचली. तक्रारीचा चकार शब्द नाही. मी नवल केलं तर म्हणाले, “गुरुजी, ती आपल्याकडची गोष्ट आहे. आपल्याकडे काय घडतंय असं झपाट्याने? पण जिथे जादूगार आहे, राक्षस आहे, जग बुडायची वेळ आलीय, तिथे माणसं जेवायला का बसतात?”

हा प्रश्न ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे निघाला.

ती कादंबरी त्यांच्या गळ्यात मारली पुण्याच्या भाच्याने. भाचा हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो आणि बोलताना प्रत्येक गोष्टीला ‘आयुष्य बदलून टाकणारी’ म्हणतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने बापूंपुढे आकड्यांची रासच ओतली. 2003 मध्ये बीबीसीने वाचकांचा कौल घेतला, त्यात ब्रिटनची सगळ्यात लाडकी कादंबरी हीच ठरली. पीटर जॅक्सनने तीन सिनेमे काढले, त्यातल्या तिसऱ्याला अकरा नामांकनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर. “मामा, आजवर जेवढ्या जादूच्या गोष्टी आल्या ना, सगळ्यांची आई ही. वाचा तुम्ही. मग बोलू.” मुग्धा कर्णिक यांनी तिचा मराठी अनुवाद केलेला आहे हे कळल्यावर बापूंची शेवटची सबबही गेली. पेन्शनीतून पैसे भरले गेले.

पार्सल यायला उशीर झाला. महाराष्ट्रात धानोरे काही एक नाही. बापूंची कादंबरी आधी गडचिरोलीच्या धानोऱ्याला जाऊन आली. पण त्या उशिराने बापू उलट खूश झाले. ओट्यावर रोज सांगायचे, “माल भारी असला की वेळ लागतोच.” हे वाक्य त्यांना पुढे फार महाग पडलं.

वाचायला सुरुवात केली ती बापूंच्या बायकोने, जिजींनी, वर्षाची मिरची वाळत घातली त्या आठवड्यात. बापू गच्चीच्या जिन्यात बसून वाचत आणि मिरचीच्या खाटाने डोळ्यांतून घळाघळा पाणी. येणाजाणाऱ्यांना वाटलं, कादंबरी फारच करुण दिसतेय. दोन बायांनी जिजींकडे हळूच चौकशीही केली.

पंधरवड्याने बापू ओट्यावर आले ते हातात वही घेऊन. शाळेची शंभरपानी वही, पण आत पट्टीने रकाने आखलेले: प्रकरण, कुठून, कुठे, प्रवासी, घटना, शेरा. कंडक्टर फेरीच्या हिशेबासाठी ठेवतो तसं बापूंनी कादंबरीचं चक्क वेबिल काढलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. अक्षर जुन्या कंडक्टराचं, धावत्या गाडीत लिहिल्यासारखं, किंचित उजवीकडे झुकलेलं.

प्रकरण 1. प्रवासी 144. घटना: वाढदिवस. यजमान गायब. शेरा: सुरुवात बरी.

प्रकरण 2. घटना: सतरा वर्षं गेली. शेरा: गाडी जागेवर.

प्रकरण 3. प्रवासी 3. घटना: निघाले एकदाचे. पायी.

प्रकरण 4. घटना: अळंबी. शेरा: ?

प्रकरण 5. घटना: अंघोळ. अंघोळीचं गाणं. शेरा: ??

प्रकरण 6. घटना: झाडाने धरलं.

प्रकरण 7. घटना: ज्याने सोडवलं त्याच्या घरी जेवण, गाणी, झोप. शेरा: विनंती थांबा. विनंती कुणी केली?

“बघा गुरुजी,” बापू बोट ठेवून सांगू लागले, “म्हातारा बिल्बो एकशे अकराव्या वाढदिवसाला अंगठी फ्रोडो नावाच्या पुतण्याला देऊन गेला. अंगठी सैतानाची. जादूगार म्हणाला, जपून ठेव. म्हणजे आता गोष्ट पळायला पाहिजे की नाही? तर जादूगार जो गेला तो मधूनमधून तोंड दाखवून जातो, आणि अंगठीचं खरं काय ते सांगायला सतरा वर्षांनी येतो. म्हणतो, अंगठी भयंकर आहे, तू इथे राहणं धोक्याचं. हे कधी? एप्रिलमध्ये. आणि हा पोरगा निघतो कधी? 23 सप्टेंबरला! का, तर 22 ला त्याचा पन्नासावा वाढदिवस. शत्रू दाराशी आलाय आणि हा केक कापायला थांबलाय.”

“केक नव्हता बापू,” मी म्हणालो.

“मग काय कापलं? पाच महिने काय कापत होता?”

बापूंना चालण्यातलं कळतं. चैत्रात खानदेशातून सप्तशृंग गडावर हजारो माणसं पायी जातात, त्यांत बापू तरुणपणापासून आहेत. उन्हात डांबर वितळतं, पायाला फोड येतात, वाटेवरच्या गावात कुणी ताक पाजतं, की पुन्हा चालू. त्यामुळे फ्रोडो 23 सप्टेंबरला निघून 20 ऑक्टोबरला नदीच्या उतारापाशी पोचतो, यावर त्यांचा पहिला आक्षेप वेगाचा. दुसरा असा, की पायाला फोड आल्याचा उल्लेख कुठे आहे? मी सांगितलं, त्या हॉबिट लोकांचे तळवेच कातड्यासारखे जाड, वर केस, ते चप्पल घालतच नाहीत. बापू गप्प झाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वेबिलावर एका कोपऱ्यात लिहिलं, ‘अनवाणी. सवलत मंजूर.’ तेवढ्या दिवसापुरती लेखकाची अब्रू वाचली.

पण दुसऱ्याच आठवड्यात एल्रॉन्डची सभा आली. ही सभा एकाच दिवसात, 25 ऑक्टोबरला, एका प्रकरणात होते आणि त्या प्रकरणाला अंत नाही. बुटके येतात, यक्षांसारखे ते एल्फ येतात, माणसं येतात. प्रत्येक जण उठून आपल्या पूर्वजांपासून सुरुवात करतो. बापूंनी ग्रामसभा पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यामुळे बोलण्याचं त्यांना काही वाटलं नाही. ठरावाचं वाटलं. अंगठी नेऊन ज्वालामुखीत टाकायची, असं ठरलं; नऊ जणांची टोळी ठरली; आणि ती टोळी निघाली 25 डिसेंबरला.

“दोन महिने!” बापू ओट्यावर अक्षरशः उभे राहिले. “मुक्कामी गाडी एक रात्र मुक्काम करते गुरुजी! पहाटे काच पुसून निघते! दोन महिने ड्रायव्हर-कंडक्टर तिथे काय करत होते?”

“टेहळणीला माणसं पाठवली होती,” मी म्हणालो.

“पत्ते खेळले असतील,” कुणीतरी ओट्याखालून म्हणालं.

मी शिक्षक, त्यामुळे समजावून सांगायचा मोह मलाही आवरत नाही. म्हणालो, “बापू, हा टोल्किन ऑक्सफर्डचा प्राध्यापक. भाषांचा अभ्यासक. त्याने आधी एल्फांच्या भाषा बनवल्या, व्याकरणासकट. मग त्या बोलायला माणसं पाहिजेत म्हणून हे जग रचलं. म्हणून तो प्रत्येक डोंगराची तीन-तीन नावं सांगत बसतो.”

बापू हसले. “गुरुजी, माझ्या गाडीत पुढच्या बाकावर गुजरातीत भांडण चालायचं, मधल्या बाकावर अहिराणीत सोयरीक जमायची, मागे भिलोरीत गाणं आणि दारात गुजरी बोलणारी म्हातारी सुटे पैसे मागायची. मी सगळ्यांना ज्याच्या त्याच्या भाषेत तिकीट दिलं. मी काढली का हजार पानं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक मात्र होतं: बापू सोडत नव्हते. जिजी रोज सांगायच्या, “एवढं वाईट आहे तर मिटून ठेवा ना.” बापू म्हणायचे, “पूर्ण तिकीट काढलंय. मधे उतरणार नाही.” पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला. वेबिल दुसऱ्या वहीत गेलं. ओट्यावर तोवर संध्याकाळी गर्दी होऊ लागली होती. कापूस विकून आलेला गडी, पिठाच्या गिरणीवाला, कॉलेजची दोन पोरं, सगळे बापूंची रोजची तक्रार ऐकायला जमायचे. यातल्या एकानेही ते पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत जादूगार गॅन्डाल्फ पुलावरून कोसळला तो दिवस बापूंनी इतका तळतळून सांगितला, की गिरणीवाल्याने दुसऱ्या दिवशी दळण टाकायला आलेल्यांना तीच बातमी दिली. बापूंच्या तोंडून ऐकताना गोष्ट जराही संथ वाटायची नाही. कारण बापू फक्त रागावण्यासारखं तेवढंच सांगायचे, आणि राग कधी रेंगाळत नाही.

लेखकाची कुंडलीही बापूंनी माझ्याकडून काढून घेतली. 1937 च्या डिसेंबरात लिहायला घेतलं, कथा पुरी झाली 1949 मध्ये. पहिले दोन भाग 1954 साली आले. तिसरा, परिशिष्टांपायी रखडून, 1955 च्या ऑक्टोबरात. बापूंनी वहीच्या मागच्या पानावर ही नोंद केली आणि पुढे तांबड्या शाईने ‘लेट’ लिहिलं. मग मी त्यांना नको ते सांगून बसलो. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किनने म्हटलंय, की या पुस्तकातला एक दोष वाचकांनीही दाखवला आणि त्यालाही मान्य आहे.

“मंग?” बापू पुढे सरकले. डोळ्यांत न्याय मिळाल्याचं तेज. “काय म्हणतो? लांबलं म्हणतो ना?”

“नाही. फार छोटं झालं म्हणतो.”

बापू त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

तरीही तिसरा भाग वाचलाच. अंगठी आगीत पडली. ओट्यावर टाळ्या झाल्या. आणि बापूंनी पान उलटून पाहिलं तर पुढे अजून सहा प्रकरणं शिल्लक. राज्याभिषेक, लग्न, परतीचा प्रवास, निरोप, पुन्हा निरोप. “शेवटचा स्टॉप गेला,” बापू क्षीण आवाजात म्हणाले, “तरी उतरू देत नाहीत.” पण उतरले नाहीतच. शेवटच्या ओळीपर्यंत बसले, वेबिलाची बेरीज मारली आणि खाली सही केली.

याच काळात बापूंना एक नवा छंद जडला. कुणी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं नाव कौतुकाने काढलं, की ते गोड बोलून तपासणी करत. नंदुरबारला एका लग्नात एक तरुण प्राध्यापक या कादंबरीवर फार उंच बोलत होता. बापूंनी दोन प्रश्नांत कबूल करून घेतलं, की तो अळंबीपाशीच उतरला होता. एकाने मोबाइलवर सारांश वाचलेला. एक बाई म्हणाल्या, घरात आहे, दिवाणखान्यात छान दिसतं. बापूंनी वेबिलात शेवटी एक वेगळं पान केलं, वर मथळा ‘विनातिकीट’. चार महिन्यांत पान भरत आलं. त्यांतले सगळे कादंबरीचे भक्त. पुस्तकाला नावं ठेवणारा पंचक्रोशीत एकटा बापू, आणि ते पुरतं वाचलेलाही एकटा तोच.

आखाजीला भाचा आला. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींची दिवाळी. झाडाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरसाची पातेली आणि ओसरीत पत्त्यांचा डाव. भाचा जेवायला बसला, पहिला घास रसात बुडवला आणि म्हणाला, “मग मामा? कशी वाटली? जबरदस्त ना?”

बापूंनी सावकाश विचारलं, “तुला टॉम बॉम्बाडिल कसा वाटला?”

“कोण?”

“निळा कोट, पिवळे बूट. गातो सारखा.”

“मामा, असा कुणी नाहीये त्यात.”

ओसरीतला डाव थांबला. जिजी पोळी घेऊन येत होत्या त्या दारातच थांबल्या.

“आणि ती सतरा वर्षं?” बापूंनी विचारलं.

“कसली सतरा वर्षं? गॅन्डाल्फ तर पाच मिनिटांत परत येतो.”

बापू जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. विनातिकीट माणूस सापडला की बापू आयुष्यात कधी ओरडले नाहीत. आवाज उलट खाली यायचा. आताही तसंच झालं. “वाचेल शे का तू?”

भाच्याच्या हातातली पोळी तशीच राहिली. “म्हणजे… पिक्चर पाहिलेत ना मी. तिन्ही. लांबवाले, चार-चार तासांचे.” मग सावरून घेत म्हणाला, “आणि तो बॉम्बाडिल का कोण, त्याला दिग्दर्शकाने वगळलं असेल ना. बरंच केलं. तुम्हीच फोनवर म्हणत होता, त्या घरात दोन रात्री नुसतं खाणंपिणं आणि गाणी. गोष्ट पुढे जातच नाही.”

बोलणं खोटं नव्हतं. शब्दसुद्धा बापूंचेच होते. चार महिने आम्ही ओट्यावर तेच ऐकत होतो. आता बापू ‘बरोब्बर’ म्हणणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी माना तयार ठेवल्या.

“वगळलं?” बापू म्हणाले. “त्याला?” आणि ताट बाजूला सारून उठले. “अरे, त्या अंगठीने भल्याभल्यांना वेड लावलं. तो एवढा जादूगार, तो ती स्वतःकडे ठेवायला घाबरला. राजे नादावले. आणि या एका माणसाने ती घेतली, बोटात घातली, काही झालं नाही. हवेत उडवली, गंमत केली, परत दिली. आणि पुन्हा गप्पा मारत बसला. सबंध पुस्तकात ज्याला कशाचाच लोभ नाही असा एकच माणूस, आणि त्यालाच गाडीतून उतरवला?”

“पण मामा, तुम्हीच तर रटाळ म्हणत होता.”

“रटाळ आहेच. एक नंबरची रटाळ आहे. पण ते मी म्हणेन. मी शेवटपर्यंत बसलोय. तू कोण रे त्यातलं एक पान काढणारा?”